इथं यायचं कुणी ठरवलं?

मॅडमविषयी लिहायला मी चार वेळा बसले आणि चारही वेळा कागद फाडले. प्रत्येक वेळी मी त्यांच्या मोठेपणापासून सुरुवात करायचे आणि दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचता पोचता माझी मलाच लाज वाटायची. त्यांच्याविषयी खरं लिहायचं तर एका कागदाविषयी लिहावं लागेल, आणि तो कागद माझ्या अक्षरातला आहे. मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. प्रयत्न करते.

मॅडम सर्जन आहेत. शहरातल्या गारखेडा भागात त्यांचं दोन मजली छोटं हॉस्पिटल आहे. खाली तपासणी, वर ऑपरेशन थिएटर आणि आठ खाटा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तिथं दुपारी दोन ते सात कामाला लागले. आमचं गाव करमाडच्या पुढं आहे. वडील शेंद्र्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात, आई आमचं अडीच एकर बघते आणि वेळ मिळेल तशी दुसऱ्याच्या रानातही जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणून गावात मला उगाचच मान होता, आणि तो मला आवडायचा हेही खरं.

माझं काम लिहिण्याचं होतं. मॅडमकडं येणाऱ्या बऱ्याच बायकांना आधी कुणीतरी दुसरीकडं सांगितलेलं असायचं, ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका.’ पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडं गर्भाशय असं कुणी म्हणत नाही. तिशी-पस्तिशीच्या बायका दोन लेकरं झाली की पिशवी काढायला निघायच्या. कुणाला पांढरं जायचं, कुणाची कंबर दुखायची, कुणाच्या घरात देवाचं फार होतं आणि दर महिन्याला बाजूला बसायचा वैताग आला होता. मॅडम म्हणायच्या, यातल्या किती जणींना खरंच ऑपरेशन लागतं ते आधी शोधू.

त्यासाठी त्यांचा एक नियम होता. बाईबरोबर आलेलं माणूस, मग तो नवरा असो, सासू असो की दीर, बाहेर बाकावर बसेल. आत टेबलाशी फक्त ती बाई आणि लिहिणारी मुलगी. मुलीनं सहा प्रश्न विचारायचे आणि बाई जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं. पहिला प्रश्न असा: इथं यायचं कुणी ठरवलं?

फार थोड्या बायका ‘मी’ म्हणायच्या. ‘मालकानं.’ ‘आत्याबाईनं’, म्हणजे सासूनं. ‘गावातले डाक्टर म्हणले.’ एक बाई तर हसायलाच लागली. “ठरवायचं काय त्यात? जीपमधी बसवलं न् आणलं.”

उत्तर ‘मी’ नसेल तर त्याखाली लाल रेघ मारायची. लाल रेघेचा कागद आत गेला की मॅडम मलाही बाहेर पाठवायच्या, दार लावून घ्यायच्या आणि त्या बाईशी एकट्या बोलायच्या. किती वेळ, याला हिशेब नव्हता. बाहेर गर्दी खोळंबायची, सिस्टर चडफडायच्या. सिस्टर म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या नर्स. मॅडमना ओरडण्याचा हक्क त्यांनाच होता. मी जरा उशिरा पोचले की म्हणायच्या, “आल्या का कलेक्टरीणबाई? या, तुमच्या लाल पेनाची शाई वाळायला लागलीय.”

मी एकदा मॅडमना विचारलं होतं, एवढा वेळ कशाला लागतो? त्या म्हणाल्या, “अगं, बाई आधी जे बोलते ते बाकावर बसलेल्यांचं असतं. तिचं स्वतःचं अर्ध्या तासानं सुरू होतं.”

हा नियम कुठून आला, तेही त्यांनी सांगितलं होतं. नवीन सर्जन असताना त्या दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात होत्या. तिथं त्यांनीही अशा पुष्कळ पिशव्या काढल्या. “कागदावर अंगठा असायचा,” त्या म्हणाल्या, “तो कुणाच्या सांगण्यावरून उमटलाय, ते मी विचारलं नाही. एक बाई वर्षभरानं परत आली. हाडं दुखतायत, अंगाची आग होते, रडू येतं म्हणाली. मी फाईल काढली. काढलेल्या पिशवीत काहीच दोष नव्हता. वय एकोणतीस. सही माझी.” हे सांगताना त्या नखं कापत होत्या. दर सोमवारी थिएटरला जायच्या आधी त्या नखं कापायच्या. बोलून झाल्यावरही कापतच राहिल्या, कापण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

मॅडम बुटक्या आहेत. थिएटरात त्या एका लाकडी पायरीवर उभ्या राहून ऑपरेशन करतात. रविवारी त्या गावोगाव जायच्या. ब्लाऊजपिसाच्या कापडाची त्यांनी स्वतः एक पिशवी शिवली होती. लाल अस्तर, दोन बाजूंना नळ्या, खाली तोंड. अंगणवाडीत बायकांना गोल बसवून ती पिशवी हातोहात फिरवायच्या. बायका आधी पदर तोंडाला लावून हसायच्या, मग उलटसुलट करून बघायच्या. टाके एवढे बारीक की एका म्हातारीनं विचारलं, “बाई, तुमी शिवणकाम करता का?” मॅडम म्हणाल्या, “व्हय, तेच करते.”

मी त्यांच्याबरोबर दोनदा गेले. परत येताना गाडीत त्या एकदा म्हणाल्या, “माझं ऐकून ज्या घरी परत जातात ना, त्यातल्या बऱ्याच जणी दुसरीकडं जाऊन काढून येतात. मला फक्त कळत नाही इतकंच.”

त्या वर्षी त्यांनी एका हॉस्पिटलाविरुद्ध तक्रार केली होती. तिथं पिशव्या काढलेल्या चौदा बायकांचे कागद त्यांनी स्वतः फिरून जमवले होते. त्यानंतर आमच्याकडं भूल द्यायला येणारे डॉक्टर येईनासे झाले. आधी एक, मग दुसरे. कुणी भांडलं नाही. ‘आज जमणार नाही मॅडम,’ एवढंच. भूल देणारा नाही म्हणजे ऑपरेशन नाही. वरच्या मजल्यावरचा मोठा दिवा चादर टाकून झाकलेला असायचा. रोज दुपारी सिस्टर ती चादर झटकायच्या आणि पुन्हा घालायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्या तक्रारीच्या चौकशीची तारीख लागली. त्याच दिवशी मी आईला घेऊन आले.

आमची आत्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, गावातच दिलेली. तिनं स्वतःची पिशवी कधीच काढली होती आणि ती आईच्या मागं लागली होती. तिनंच आईला एका डॉक्टरकडं नेऊन सोनोग्राफी करून आणली. तो म्हणाला, काढावी लागेल. मी शनिवारी शहरातून घरी गेले तेव्हा हे कळलं, आणि मी पेटलेच.

“आत्या, तुला काही कळतं का? मी रोज हेच बघते तिथं. फसवतात बायकांना.”

“फसवू दे,” आत्या म्हणाली. “पिशवी म्हंजे काय सोन्याचा डबा हाय का जपून ठेवाया? माझी काढली, मी मेले का?”

“तुझे गुडघे का दुखतात मग?”

“तुझ्यासारख्या भाच्या हायेत म्हणून दुखत्यात.”

आई चुलीपुढं बसली होती. ती एवढंच म्हणाली, “अक्का, ऱ्हाऊ द्या.” त्यावर मी म्हणाले, आईला मी मॅडमकडं नेते. आईला विचारलं नाही. वडिलांनाही नाही. घरात कॉलेज शिकलेली मीच होते, त्यामुळं मी म्हणाले की ठरलं.

हॉस्पिटलात आई माझ्या टेबलापुढं खुर्चीच्या अगदी कडेला बसली. धुतलेलं हिरवं लुगडं, हातात पिशवीत बांधून आणलेला डबा. त्या दिवशी लिहायला दुसरी मुलगी नव्हती. सिस्टर म्हणाल्या, “आईचं तू नको लिहू, मी लिहिते.” पण त्यांना वरून हाक आली, आणि मी म्हणाले, त्यात काय, आईच आहे.

मी विचारलं, “इथं यायचं कुणी ठरवलं?” विचारताना मला हसूही आलं. आईनं माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं. बोलली नाही.

खरं उत्तर ‘मुलीनं’ असं होतं. ते लिहिलं असतं तर लाल रेघ आली असती, मला बाहेर जावं लागलं असतं, आणि मॅडम आईशी एकट्या बोलल्या असत्या. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या रेघा मी सासवांच्या नावाखाली मारत होते, दारुड्या नवऱ्यांच्या नावाखाली मारत होते. त्यांच्या रांगेत माझं नाव कसं लिहू? मी काही तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. मी तर तिला वाचवायला आणलं होतं.

मी लिहिलं: ‘मी.’

पुढचे प्रश्न झाले. त्रास काय? आई म्हणाली, “काय नाय, अशीच कंबर भरती.” अंगावरून जास्त जातं का? “जातं की. बायकांचं जातंच.” काढायची इच्छा आहे का? ती पुन्हा गप्प. मी लिहिलं: नाही.

मॅडम चौकशीवरून चारला आल्या. चपला काढल्या आणि खुर्चीत नुसत्या बसल्या. सिस्टरांनी विचारलं, काय झालं? मॅडम म्हणाल्या, “चौदापैकी चार आल्या होत्या. चौघींनी सांगितलं की आम्ही आमच्या खुशीनं काढली, या बाईंनी आम्हाला तक्रारीच्या भरीस घातलं.” मग त्यांनी समोरचा कागद ओढला. आईचा होता. पहिल्या ओळीवर त्यांची नजर थांबली आणि त्यांचा चेहरा जरा खुलला. ते मी बघितलं. मला आनंद झाला.

“बसा ताई. काही सांगायचंय का?”

मी तिथंच उभी होते. आईनं माझ्याकडं बघितलं. “नाय.”

“आतून तपासून घेऊ.”

“आज नगं. पाळी आलीय.”

“बरं. मग आठ दिवसांनी या. नक्की या.”

मी मध्ये बोलले, “मॅडम, ती घाबरलीय. आत्या उगीच मागं लागलीय पिशवी काढायला.” मॅडमनी मान हलवली. दिवसभर त्या पिशव्यांचंच ऐकून आल्या होत्या.

आठ दिवसांनी आई आली नाही. माझी परीक्षा होती. मॅडमनी दोनदा विचारलं, “आई आली नाही गं?” मी म्हणाले, “बरं आहे तिला.” फोनवर आई तसंच सांगायची. फोनवर मी तिला पंधरवड्यातून एकदा विचारायचे, ‘बरी आहेस ना?’ आणि ती म्हणायची, ‘बरी हाय.’ मॅडमचा दुसरा नियम, की असा प्रश्न विचारायचाच नाही ज्याचं उत्तर प्रश्नातच आहे, तो मला पाठ होता.

दिवाळीनंतर कापूस वेचताना आई सरीत खाली बसली ती उठेना. बायकांनी तिला उचललं तेव्हा लुगडं पोटऱ्यांपर्यंत भिजलेलं होतं. आत्यानं जीप बोलावली आणि करमाडला न थांबता थेट गारखेड्याला आणली. मी टेबलाशी दुसऱ्या कुणाचंतरी लिहीत होते. दारात आत्याचा आवाज आला, “बाजूला व्हा रे, बाजूला व्हा.”

मॅडमनी तपासलं. मी आत जायला लागले तर त्यांनी हात करून थांबवलं. मग खूप वेळानं बाहेर येऊन बेसिनशी हात धुतले. धुतलेले हात पुन्हा धुतले.

“पिशवीच्या तोंडाशी मोठी गाठ आहे,” त्या म्हणाल्या. “तुकडा तपासायला पाठवते. पण मला माहीत आहे काय येणार ते. बाजूपर्यंत गेलंय. ऑपरेशनची वेळ गेली.”

मी विचारलं, “उन्हाळ्यात कळलं असतं?”

मॅडम कधी खोटं बोलत नाहीत. त्या दिवशी त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. “नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं,” त्या म्हणाल्या. “कदाचित ऑपरेशन करता आलं असतं.”

त्यांनी जुना कागद काढायला सांगितला. मी काढून दिला. त्या तो वाचत असताना मी सांगून टाकलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नव्हतं, मी लिहिलं. काढायची इच्छा ‘नाही’, हेही मीच लिहिलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर मला कुठंतरी टेकायला जागा मिळाली असती. त्या म्हणाल्या, “त्या दिवशी मला एवढी एकच गोष्ट चांगली दिसली होती. एक बाई स्वतः ठरवून आली. म्हणून मी तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही.”

मग त्यांनी पेन घेतला आणि त्याच कागदावर खाली लिहायला लागल्या. सिस्टर वाकून वाचत होत्या. “मॅडम, हे लिहू नका. ते लोक टपून बसलेत. उद्या हाच कागद तुमच्यासमोर नाचवतील.”

मॅडमनी लिहिलं: ‘रुग्णाशी एकांतात न बोलता, तपासणी न करता घरी पाठवले. पाठपुरावा केला नाही.’ खाली सही केली, तारीख घातली. “नाचवू देत,” त्या म्हणाल्या. टोपण न लावताच त्यांनी पेन खाली ठेवला. सिस्टरांनी ते बसवलं.

मग नवा कागद घेऊन त्या स्वतः आईपाशी गेल्या आणि दार लावलं. मी बाकावर जाऊन बसले. बाकावर बसायची माझी पहिलीच वेळ. शेजारी आत्या होती. तिच्या लुगड्यालाही रक्त लागलं होतं.

मी म्हणाले, “आत्या, मला माहीत नव्हतं गं.”

“मला व्हतं,” आत्या म्हणाली. “वर्ष झालं. मालकाजवळ गेली की रगत जायचं तिला. मला इहिरीवर सांगितलं, रडत. कुणाला सांगू नका म्हणली. मी काय डाक्टर हाय? मला आपलं एवढंच कळतं का पिशवीचं काय तर झालंय, काढून टाकावी. म्हणून मागं लागले व्हते.”

“मला का नाही सांगितलंस?”

“कसं सांगायचं? तू लेक हायेस तिची. अन् तू ऐकत कुठं व्हतीस, बाई? तू शिकवीत व्हतीस.”

ती हे टोचून बोलली नाही. तिनं माझ्या हातावर हात ठेवला होता. तरी मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. समोर दार होतं, आणि आत माझी आई कुणाशीतरी बोलत होती, जे ती माझ्याशी बोलू शकत नव्हती. तिच्या आवाजाचा नुसता गुणगुणाट येत होता. आई एवढा वेळ सलग बोलते हे मला माहीत नव्हतं.

तासाभरानं मॅडम आल्या. सरकारी कॅन्सर रुग्णालयात शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला आई तयार आहे, म्हणाल्या. रोज जावं लागेल, पाच-सहा आठवडे, मध्ये सलाईनमधून औषध. किती उपयोग होईल ते आत्ता सांगता येणार नाही. “आणि बरोबर आत्या पाहिजे म्हणाली.” एवढं बोलून त्या थांबल्या. “तू नको.”

मी विचारलं, “मी काम सोडू का?”

“सोडून काय करणार?” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी दोन वाजता टेबलाशी जाऊन बसले. पहिला प्रश्न ‘इथं यायचं’ एवढ्यापर्यंतच विचारला आणि पेन खाली ठेवला. त्या बाईनंच मला पाणी दिलं.

आता शेकाचा चौथा आठवडा चालू आहे. आई आणि आत्या शहरातच एका ओळखीच्या खोलीवर राहतात. सकाळी कॉलेजच्या आधी मी त्यांना सोडायला जाते, शेकाच्या खोलीच्या दारापर्यंतच. आईचं रक्त कमी झालंय, पण खाल्लेलं राहत नाही. लुगडं नेसताना आता दोन वेळा जास्त गुंडाळावं लागतं. तिथले डॉक्टर विचारलं की म्हणतात, बघू. मॅडम रोज संध्याकाळी मला रिपोर्ट मागतात, वाचतात आणि परत देतात. वरच्या दिव्यावर चादर तशीच आहे. तक्रारीचा निकाल अजून आलेला नाही. पण परवा मॅडमनाच एक नोटीस आली, आणि तिच्यात आईच्या कागदाची मागणी आहे; बातमी बाहेर कुणी नेली, माहीत नाही. मॅडमनी तो स्वतःच्या हातानं पाकिटात घातला.

काल तिथल्या बाकावर आम्ही नंबरची वाट बघत होतो. आत्या चहा आणायला गेली होती. मी आईला सांगितलं. त्या दिवशी पहिल्या प्रश्नाला तू बोलली नव्हतीस, मी माझ्या मनानं ‘मी’ लिहिलं.

आईला लिहिता-वाचता येत नाही. ती म्हणाली, “मला ठावं हाय. मी बघत व्हते की. एवढा लांब सवाल इचारलास अन् एवढंसं लिवलंस. तवाच म्हणलं, हिनं काय तरी आपल्या मनानं लिवलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझं काम व्हतं ना तिथं,” आई म्हणाली. “चार माणसांत तुला खोटं कसं पाडू?”

तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. आत्या चहाचे कप घेऊन धावत आली, ते माझ्या हातात दिले आणि आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. दोघी आत गेल्या. दार लागलं. मी तीन कप धरून बाकावर बसून राहिले.